ग्राफिक्स कार्डासाठी ‘डोळे झाकून ८५० वॅट’? नको!

ग्राफिक्स कार्ड बदलायचा विषय निघाला की एक मेसेज हमखास फिरतो: “नवीन कार्ड घेताय? एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) डोळे झाकून ८५० वॅटचा घ्या. वॅट कमी पडले तर कार्ड जळतं. गोल्डचा शिक्का असला की बाकी काही बघायचं नाही. केबल कमी पडली तर कन्व्हर्टर मिळतो.” वर्षभर पैसे साठवून कार्ड घेणाऱ्या पोरापोरींना यातलं प्रत्येक वाक्य महागात पडू शकतं, म्हणून एकेक घेतो.

आधी ते ८५० वॅट. आरटीएक्स ४०६० हे कार्ड ११५ वॅट घेतं. सोबत आय५-१२४००एफ हा प्रोसेसर असेल तर तो पूर्ण जोरात ११७ वॅटपर्यंत जातो. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे यांचे सढळ हाताने ५० धरा. बेरीज २८२. एनव्हिडिया स्वतः या कार्डासाठी ५५० वॅट सुचवते, आणि त्यातच भरपूर शिल्लक धरलेली आहे. घरात चांगल्या कंपनीचा ५५० वॅटचा एसएमपीएस असेल तर तो बदलायची काहीच गरज नाही; ते पैसे वरच्या कार्डात घाला. उलट आरटीएक्स ५०९० एकटं ५७५ वॅट घेतं आणि कंपनी १००० वॅट सांगते. म्हणजे तिथे हाच सल्ला तोकडा पडतो.

शिवाय डब्यावरच्या मोठ्या आकड्यावर विसंबायचंच नसतं. एसएमपीएसच्या बाजूला एक तक्ता चिकटवलेला असतो, तो वाचा. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही मुख्यतः १२ व्होल्टवर चालतात, त्यामुळे त्या रकान्यातले अँपिअर बघायचे आणि १२ ने गुणायचं. चांगल्या ५५० वॅटच्या तक्त्यावर तिथे ४५ च्या आसपास आकडा असतो, म्हणजे ५४० वॅट. वर ‘५०० वॅट’ छापलेल्या लोकल मालावर तिथे १६ अँपिअर दिसले, तर हाती १९२ वॅटच येतात. असा डबा ८५० चं लेबल लावून आला तरी घेऊ नका.

‘कार्ड जळतं’ ही भीती अर्धवट आहे. चांगल्या एसएमपीएसवर ताण वाढला की त्याचं प्रोटेक्शन काम करतं आणि पीसी गेम खेळता खेळता फटकन बंद पडतो. वैताग होतो, पण कार्ड शाबूत राहतं. खरा धोका प्रोटेक्शन नसलेल्या स्वस्त मालाचा आहे, मग त्यावर वॅट कितीही छापलेले असोत. शिल्लक ठेवावी हे मात्र मला पूर्ण मान्य आहे. २०२० मध्ये आरटीएक्स ३०८० आणि ३०९० आली तेव्हा ही कार्डं क्षणभरासाठी आपल्या ठरलेल्या वॅटच्या खूप वर उडी मारत आणि एरवी पुरेसे वाटणारे एसएमपीएस बंद पडत. म्हणूनच एसएमपीएससाठीच्या २०२२ च्या एटीएक्स ३.० मानकात अशा उड्या सोसायची अट आली. मोठं कार्ड घेणार असाल तर एटीएक्स ३.० किंवा ३.१ बघूनच घ्या.

गोल्डचा शिक्का, म्हणजे ‘८० प्लस’चं प्रमाणपत्र, फक्त विजेचा अपव्यय किती कमी ते सांगतो. ११५ व्होल्टच्या चाचणीत अर्ध्या लोडवर गोल्डला ९० टक्के कार्यक्षमता लागते, त्याखालच्या ब्राँझला ८५. प्रोटेक्शन आहे का, व्होल्टेज स्थिर राहतं का, हे त्यात तपासतच नाहीत. चाचणीही २३ अंशांच्या आसपास होते. अकोल्यातला मे महिना तिच्या हिशेबात नाही.

कन्व्हर्टरबद्दल मात्र हात जोडून सांगतो, साटाच्या प्लगवरून (हार्ड डिस्क, एसएसडीला वीज देणारा तो) कार्डाच्या ८ पिनचा कन्व्हर्टर लावू नका. साटाच्या प्लगमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना असतात, प्रत्येकी दीड अँपिअरच्या. सगळं मिळून ५४ वॅट. ८ पिनच्या कनेक्टरमधून कार्ड १५० वॅटपर्यंत ओढू शकतं. प्लास्टिक वितळतं ते इथे. मॉड्युलर, म्हणजे केबल काढता-घालता येणारा एसएमपीएस असेल तर दुसऱ्या कंपनीची केबलही त्यात खुपसू नका. एसएमपीएसच्या टोकाला पिनांची मांडणी कंपनीगणिक बदलते आणि चुकीच्या पिनेत १२ व्होल्ट गेले की सगळा खेळ खलास.

आणि त्या मेसेजमध्ये यूपीएसचा साधा उल्लेखही नाही. आपल्याकडे घरोघरी असणाऱ्या ६०० व्हीएच्या यूपीएसवर बहुतेकदा ३६० वॅट लिहिलेलं असतं. वरच्याच हिशेबातले २८२ वॅट, एसएमपीएसची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर भिंतीकडून ३३२ होतात. मॉनिटरचे २५ मिळवले की ३५७. म्हणजे ४०६० लाच यूपीएस काठावर येतो. ४०७० लावलंत तर एकटं कार्डच २०० वॅट घेतं, आणि गेम चालू असताना वीज गेली की यूपीएस ओव्हरलोड होऊन पीसी तिथल्या तिथे बंद होईल. ४०७० च्या बजेटमध्ये १००० व्हीएच्या पुढचा यूपीएस आधीच धरा, आणि घेताना व्हीए नाही, वॅट विचारा.