उरलेलं झाकण

एकोपा वाढवण्याचा ठराव मंजूर व्हायला दोन मिनिटं लागतात. एकोप्याला विरोध कोण करणार? मग अध्यक्ष सभेवरून नजर फिरवतात. सगळे आपापल्या चपला न्याहाळत असतात. त्या क्षणी ज्याची मान चुकून वर असते, त्याच्या गळ्यात ‘रहिवासी परिचय मेळाव्या’चं लोढणं पडतं. इमारतीत 20 घरं, सात भाषा, पाच पंचांगं आणि लिफ्ट एक. हा लेख त्या मान वर असलेल्या माणसासाठी.

पहिली फजिती सूचनेच्या कागदावर होते. ‘आपली उपस्थिती प्रार्थनीय’ असं लिहून ते यंत्राकडून सहा भाषांत फिरवून घेतलं, की निदान दोन घरांना तरी प्रार्थनासभेचं बोलावणं जातं. अलंकारिक भाषा यंत्राला कळत नाही, आणि खरं सांगायचं तर पहिल्या भाषेतही ती कुणी वाचत नाही. काय आहे, कुठे, कधी, किती वेळ चालणार आणि अडलं तर कुणाला विचारायचं, एवढ्या पाच ओळी पुरतात. महिना अक्षरांत लिहावा. 04/05 हा आकडा निम्म्या जगाला 4 मे वाटतो आणि उरलेल्यांतल्या बऱ्याच जणांना 5 एप्रिल. म्हणजे मेळावा एक, पण लोक महिनाभराच्या अंतरानं येणार. भाषांतर झालं की ते ज्यानं केलेलं नाही अशा दुसऱ्या माणसाकडून उलट आपल्या भाषेत वाचून घ्यायचं. ‘लहान मुलांना आणू नये’ आणि ‘लहान मुलांना विसरू नये’ यांच्यात एका शब्दाचं अंतर असतं.

एवढं करूनही कागद वाचून फारसं कुणी येत नाही. दारावर जावं लागतं. दोघांनी जायचं, त्यातल्या एकाला त्या घरची भाषा येत असली तर उत्तम. बेल एकदाच वाजवायची आणि दोन पावलं मागे सरकायचं. उंबऱ्याला नाक लावून उभा राहिलेला माणूस कुठल्याही संस्कृतीत वसुलीला आलेला दिसतो. हातात पावतीपुस्तक नको. आणि दार उघडल्यावर आत डोकावायचं नाही, हे सोपं वाटतं पण मान आपोआप लांब होते.

इथेच नावाचा प्रश्न निकालात काढावा. शेजाऱ्याचं नाव दुसऱ्यांदा विचारायची लाज वाटते म्हणून माणसं तीन वर्षं ‘अहो’वर काढतात. त्यापेक्षा पहिल्याच दिवशी विचारावं, आपल्याला ऐकू आलं तसं आपल्या लिपीत लिहून घ्यावं आणि मोठ्यानं वाचून दाखवावं. आपण चुकतोच. ते हसतात, दुरुस्त करतात, आपण पुन्हा चुकतो. या दीड मिनिटात जेवढी ओळख होते तेवढी पुढच्या अख्ख्या कार्यक्रमात होत नाही. त्यांचं नाव आपल्या सोयीनं आखूड करण्याचा मोह मात्र टाळायचा. आपल्या आडनावाचं कुणी तसं केलं तर आपण पाच पिढ्यांचा इतिहास सांगत बसतो.

आता खुर्च्या. माझं ठाम मत आहे की एकोपा हा निम्मा खुर्च्यांचाच प्रश्न आहे. रांगा लावल्या की भाषण सुरू होतं, कारण रांगेसमोरची मोकळी जागा पाहिली की कुणाला तरी बोलायची उबळ येतेच. 30 जणांचं मोठं गोल रिंगण केलं तर चौकशी चालल्यासारखं वाटतं. पाच-पाच, सहा-सहा खुर्च्यांचे घोळके करावेत आणि प्रत्येक घोळक्यात एक खुर्ची मोकळी राहील असं बघावं. 40 माणसं अपेक्षित असतील तर खुर्च्या 25 च मांडाव्यात. म्हाताऱ्यांना बसायला मिळतं, आणि तरणे उभे राहतात म्हणजेच हलतात. सगळ्यांना पुरतील एवढ्या खुर्च्या मांडल्या की जो तो आपल्या माणसांत रुतून बसतो. जेवणाचं टेबल दारापासून लांबच्या टोकाला आणि भिंतीपासून हात-दीड हात पुढे ओढलेलं असावं. दोन्ही बाजूंनी वाढून घेता आलं की समोरासमोर तोंडं येतात. भिंतीला चिकटवलेल्या टेबलाशी फक्त पाठी दिसतात. पाणी आणखी तिसऱ्या कोपऱ्यात. तहान लागली की माणूस परक्या घोळक्यातून वाट काढत जातो आणि ‘जरा सरकता का’ म्हणतो. सुरुवात म्हणून हे वाक्य वाईट नाही.

हे नुसतं माझं खूळ नाही. फेस्टिंजर, शाख्टर आणि बॅक या तीन मानसशास्त्रज्ञांनी 1950 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठाच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीचा अभ्यास मांडला. कोणाची कोणाशी मैत्री होते, याचं उत्तर त्यांना आवडीनिवडींपेक्षा दारांच्या अंतरात सापडलं. अगदी शेजारच्या दाराशी मैत्री जास्त, दोन दारं सोडून कमी. आणि जिन्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांचे वरच्या मजल्यावर मित्र जास्त. तेव्हा जिन्याखाली एक बाक टाकणं हे स्वागतगीतापेक्षा जास्त कामाचं.

‘प्रत्येकानं एक पदार्थ आणा’ ही कल्पना सुचली नाही असा मेळावा नसेल. त्यातलं गणित कुणी करत नाही. 20 घरं, प्रत्येकानं इभ्रतीपोटी 20 जणांपुरतं आणलं तर 400 जणांचं जेवण होतं आणि खाणारे 40. ‘आपल्या घरापुरतं अधिक दोन माणसांचं’ असं मोजमाप द्यावं, पुरून उरतं. खरा घोळ पुढेच. डब्यावर चिठ्ठी नसली की ओळखीच्या डब्यांवर झुंबड उडते आणि एक डबा मात्र अस्पर्श राहतो. त्या डब्याची मालकीण कोपऱ्यात उभी राहून सगळं पाहत असते. दोन तासांनी ती भरलेला डबा तसाच परत नेते आणि एकोपा वर्षभर मागे जातो. म्हणून प्रत्येक डब्यापुढे तळहाताएवढं कार्ड हवं. पदार्थाचं नाव, त्यात काय काय आहे ते चित्रांनी (मांस, मासा, अंडं, दूध, शेंगदाणा, मद्य) आणि तिखटाच्या मिरच्या एक ते तीन. मिरच्या काढताना करणाऱ्याला विचारू नये. ‘अजिबात तिखट नाही’ हे करणाऱ्याचं मत असतं. चव बघायला दुसऱ्याच मजल्यावरचा माणूस लावावा.

आणि चमचे! 20 डबे असतील तर वाढायचे चमचे 25. कमी पडले की कुणीतरी एका डब्यातला चमचा सहज दुसऱ्यात बुडवतो आणि तो दुसरा डबा अर्ध्या लोकांसाठी तत्क्षणी बाद होतो. जे वर्ज्य ते वर्ज्य, तिथे समजूत घालायला जाऊ नये. मांडणीतच दोन टेबलं वेगळी ठेवावीत, मात्र शेजारी शेजारी. दोन खोल्या केल्या तर मेळावेही दोन होतात.

सांस्कृतिक कार्यक्रमाबद्दल थोडक्यात सांगतो: करू नका, निदान पहिल्या खेपेला. ‘तुमच्याकडचं काहीतरी सादर करा’ म्हटलं की शेजाऱ्याचा नमुना होतो. याच इमारतीत जन्मलेलं आठ वर्षांचं पोर, आजीच्या ट्रंकेतला पोशाख घालून, कधी न पाहिलेल्या मुलखाच्या वतीनं रडवेलं उभं राहतं आणि आपण टाळ्या वाजवतो. त्याला खाली जाऊन चेंडू खेळायचा असतो, ज्याच्याशी खेळायचा तोही दुसऱ्या ट्रंकेतला पोशाख घालून रांगेत उभा असतो.

नुसतं एकत्र जेवून किंवा एकत्र बसून काही होत नाही, हे मानसशास्त्रज्ञ मुझफ्फर शेरीफ यांनी 1954 मध्ये ओक्लाहोमातल्या रॉबर्स केव्हच्या जंगलात दाखवून दिलं. साधारण 11 वर्षांची 22 मुलं, दोन टोळ्या, आधी स्पर्धा लावून वैर पेटवलेलं. मग त्यांना एका पंगतीला बसवलं, तर त्यांनी एकमेकांवर अन्न फेकलं. सूत जुळायला लागलं ते पाण्याच्या टाकीपासून येणारं पाणी बंद पडलं तेव्हा. दोन्ही टोळ्या मिळून बिघाड शोधत फिरल्या. तो बिघाड अर्थातच संशोधकांनीच करून ठेवला होता. इमारतीचा पंप मुद्दाम बिघडवा असं मी म्हणणार नाही. तो आपणहून बिघडतोच. फक्त तो दिवस वाया घालवू नये.

त्याच 1954 साली गॉर्डन ऑलपोर्ट या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञानं भिन्न गटांची भेट गुणकारी व्हायला चार अटी सांगितल्या: दर्जा सारखा, ध्येय एक, काम सहकार्याचं आणि वरच्यांचा पाठिंबा. आपल्याकडे पहिलीच अट गळते. ठरवणारे आम्ही आणि डबे आणणारे ते, अशी वाटणी झाली की त्याला मेळावा कितीही म्हणा, ती सोय असते. समितीत पाच जण असतील तर किमान तिघं वेगवेगळ्या भाषांची हवीत, आणि त्यांतल्या एकाच्या हातात पैशांचा हिशेब हवा. सजावटीचं खातं नव्हे.

म्हणून मेळाव्याआधी काम काढावं. जिन्याची रंगरंगोटी घ्या. भिंत साधारण 40 चौरस मीटर असेल तर एक लिटर रंग एका हाताला दहाएक चौरस मीटर पुरतो, म्हणजे दोन हातांना आठ लिटर. आधीचे पोपडे खरवडायला पत्रे, पॉलिशपेपर, कडेला चिकटपट्टी आणि फरशीवर जुन्या चादरी. चादरी विसरल्या की पुढची दहा वर्षं फरशीवर एकात्मतेचे ठिपके राहतात. रंगाची छटा खुल्या चर्चेत ठरवू नये. त्यात दोन वर्षं जातील. तीन छटा भिंतीवर वीतभर लावून ठेवाव्यात आणि येता-जाता प्रत्येकानं एकीखाली रेघ मारावी. शिडी एकच आणावी. शिडी हे एकोप्याचं सगळ्यात स्वस्त यंत्र आहे: एक जण वर चढतो, दुसऱ्याला ती धरावीच लागते, आणि वरच्याला खालच्यावर विश्वास ठेवावाच लागतो, मग त्याची भाषा कुठलीही असो. शब्दही दोनच लागतात, ‘सावकाश’ आणि ‘आणखी डावीकडे’. दीड-दोन तासांत डोळ्यांना दिसेल असा एक टप्पा संपला पाहिजे. दिवसभराचं काम काढलं तर जेवणानंतर समितीच उरते.

सभेत दुभाषा लागतो आणि तिथे सोय म्हणून घरचं पोर उभं करतात. बाप तावातावानं तीन मिनिटं बोलतो आणि पोर सांगतं, ‘बाबा नको म्हणतायत.’ तेव्हा दुभाषा मोठा माणूस हवा, बोलणाऱ्याच्या शेजारी बसलेला. आणि बोलणाऱ्यानं दोन वाक्यांनंतर थांबायचं. वेळ दुप्पट लागतो, म्हणून विषय निम्मे घ्यावेत. तीन पुष्कळ झाले. ‘समजलं ना?’ हा प्रश्न बंद, कारण त्यावर सगळं जग मान हलवतं. ‘शनिवारी शिडी कोण आणणार आणि किती वाजता?’ असं विचारलं की काय समजलं ते लगेच समजतं.

राहता राहिली भांडणं. प्रत्येक भांडणात ‘त्यांच्याकडे असंच असतं’ म्हणणारा एक जाणकार असतोच. त्याला शिडी धरायला लावावं आणि आपण जागेवर जाऊन पाहावं. पाचव्या मजल्यावर चौथ्याच्या फोडणीचा वास येतो, म्हणून दोन कुटुंबं बोलत नाहीत. कारण बहुधा असं असतं की सगळ्या स्वयंपाकघरांचे पंखे एकाच उभ्या नळकांड्यात हवा सोडतात आणि पाचव्याच्या तोंडाशी हवा उलटी येऊ न देणारी झडप नसते, किंवा असली तर तेलकट मळानं उघडीच चिकटलेली असते. संस्कृती निर्दोष सुटते, झडप दोषी. वरून ‘मुद्दाम’ येणारा खरखराट म्हणजे खुर्चीचे चार पाय. पायांखाली नमद्याच्या चकत्या चिकटवल्या की निम्मी तक्रार मिटते, आणि जाड गालिच्यानं टाचांचा आवाज. चकत्या झिजतात, सहा-आठ महिन्यांनी बदलाव्या लागतात. तक्रार लिहितानाही माणसाबद्दल नव्हे, वस्तूबद्दल लिहावी: ‘रात्री 11 नंतर ड्रिल’. ‘ते लोक’ हा शब्द वहीत आला की पान फाडावं.

एवढं सगळं करून मेळावा पार पडतो. 40 म्हणता 26 येतात, तेही तासभर उशिरा. समिती खुर्च्या उचलते, आणि टेबलावर डबे उरतात. ते नेहमी उरतात. सगळे डबे एकाच कारखान्यातून आल्यासारखे सारखे दिसतात, म्हणून डबा आणि झाकण दोन्हींवर आधीच घराचा क्रमांक लिहिलेली चिकटपट्टी लावायची असते, आणि ती कुणी झाकणावर लावलेली नसते. मग कुणीतरी दारोदार निघतं. हा तुमचा का? नाही, आमचा निळा होता. बसा ना. तो खालच्यांचा असेल, त्यांच्याकडे चला, मीही येते, माझी पळी त्यांच्याकडे गेलीय. तीन दिवसांत सगळे डबे घरोघर पोचतात आणि हिशेबाला एक झाकण जास्त भरतं. गोल, किंचित वाकलेलं, कुठल्याच डब्यावर न बसणारं. ते प्रत्येक दारात जाऊन येतं, प्रत्येक घर ते आपल्या सगळ्या डब्यांवर बसवून बघतं आणि ‘आमचं नाही हो’ म्हणून पुढच्या घरी स्वतः नेऊन देतं.

समितीनं ते जप्त करू नये. फिरू द्यावं.