‘आकडे पोर्टलवर आहेतच’ म्हणणाऱ्यांस

महोदय,

आरोग्यसेवेतली विषमता मोजायला आणि कमी करायला संशोधननिधी हवा, या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत : “आकडे सरकारी पोर्टलवर आहेतच. मोजमापावर पैसे उधळण्यापेक्षा गडचिरोलीला ॲम्ब्युलन्स द्या. एसीत बसून आदिवासींचा कळवळा सोपा असतो. संशोधनाचा पैसा पगारातच जिरतो.” लेख लांबला, हे मान्य. पण हा सूर कशासाठी? मतभेद असावेत, हेटाळणी कशाला? बालमृत्यूच्या नोंदी तपासण्यात ज्याची उमेदीची वर्षं गेली, त्याला निदान पोर्टल तरी दाखवू नका.

आता ते पोर्टल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्राचा अर्भक मृत्युदर (वर्षाच्या आत दगावणारी बाळं) हजार जन्मांमागे २३ आहे. गडचिरोलीचा? जिल्ह्याच्या तक्त्यात शोधा, सापडणार नाही. जिल्ह्यामागे साधारण ९०० घरं घेतात. तेवढ्यावर मृत्युदर काढणं म्हणजे शितावरून भाताची नव्हे, अख्ख्या पंगतीची परीक्षा. हिशेबच मांडतो. एका गटात हजारी ४० आणि दुसऱ्यात २०, असा दुप्पट फरक असला तरी तो पकडायला (९५ टक्के विश्वासपातळी; ८० टक्के पॉवर, म्हणजे खरा फरक असला तर तो सापडण्याची शक्यता) प्रत्येक गटात सुमारे ११४० जन्म लागतात. घरांऐवजी अख्खी गावं निवडलीत तर दीडपट धरा, कारण एका गावातली घरं एकमेकांसारखीच असतात. जन्मदर हजारी १८ असेल तर ११४० जन्मांसाठी ६३ हजार वस्तीतलं प्रत्येक बाळंतपण वर्षभर टिपायचं. फुकटात कोण करणार?

बरं, टिपूनही भागत नाही. पहिलटकरीण माहेरी जाते. जन्म तिकडच्या उपकेंद्रात, मृत्यू इकडे, आणि दोन्ही रजिस्टरांत बाळ अर्धंच. जन्मून तासाभरात गेलेलं मूल ‘उपजत मृत’ (म्हणजे मेलेलंच जन्मलं) असं लिहिलं जातं, कारण बालमृत्यू लिहिला की वरून विचारणा. म्हणून रडलं का, हाललं का, श्वास घेतला का, हे आईला वेगवेगळं विचारावं लागतं. वजनं तर बघाच : बरोबर २५०० ग्रॅमवर नोंदींचा ढीग. ‘कमी वजन’ त्याच्या खाली सुरू होतं, तेव्हा २४५० चं बाळ काट्यावरून उतरता उतरता नॉर्मल होतं.

आणि गडचिरोली तुम्हीच काढलीत म्हणून सांगतो. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेनं तिथल्या ३९ गावांत आधी नवजात मृत्यू (पहिल्या २८ दिवसांतले) आणि त्यांची कारणं मोजली, तुलनेला ४७ गावं ठेवली. जंतुसंसर्ग सगळ्यांत मोठं कारण निघालं, म्हणून गावातल्याच बाईला जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शन द्यायला शिकवलं. १९९७-९८ पर्यंत तुलनेच्या गावांच्या मानानं नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. ती ४७ गावं मोजलीच नसती, तर हा आकडा कुणी मानला असता? तुम्ही तर नक्कीच नाही.

ॲम्ब्युलन्स हवीच, नको कोण म्हणतंय? पगाराचं म्हणाल तर घरोघर फिरणाऱ्या बाईला तो द्यावाच लागतो. एसीबद्दल काही बोलत नाही. पुढच्या वेळी लिहाल तेव्हा गडचिरोलीचा आदिवासी आणि बिगर-आदिवासी असा वेगवेगळा अर्भक मृत्युदर कुठल्या पोर्टलवर दिसला, त्याची लिंक तेवढी टाका.