हेतू, हयगय आणि दिनूची स्कूटर

मोटारीखाली माणसे मेल्याची ती बातमी सर्वांनी वाचलेली आहे, म्हणून तिचा तपशील येथे पुन्हा सांगत नाही. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बूड टेकण्यापूर्वीच दिनूने निकाल जाहीर केला होता: माणसे मेली म्हणजे खून झाला, आणि खून झाला म्हणजे फाशी, तीही भर चौकात. आधी निकाल आणि मग पुरावा ही दिनूची जुनी पद्धत आहे. गणपतीच्या वर्गणीचा हिशेब मागताना त्याने खजिनदार अप्पांना आधी चोर ठरवले, मग वही उघडायला लावली, आणि वही चोख निघाल्यावर आपण केवळ विचारत होतो असे सांगून तो मोकळा झाला. अप्पा ते अद्याप विसरलेले नाहीत.

“नुसती माणसे मेली एवढ्याने खून होत नाही,” अप्पांचा पुतण्या सुमेध म्हणाला. तो यंदाच विधी महाविद्यालयात दाखल झाला आहे. “कृती आणि त्या कृतीमागचे मन, ही दोन्ही सरकार पक्षाने सिद्ध करावी लागतात.”

“मन?” दिनू गरजला. “मारणाऱ्याच्या मनात काय होते याने मेलेल्याला काय फरक पडतो?”

खरे सांगायचे तर हा प्रश्न वाटतो तितका बाष्कळ नव्हता; फक्त उत्तर ऐकून घेण्याचा दम दिनूपाशी नसतो. उत्तर सुलभाने दिले. बचाव पक्षाची वकिली करण्यात तिची हयात गेली आहे आणि आवाज न चढवता माणसाला गप्प कसे करावे हे तिला चांगले अवगत आहे.

“मेलेल्याला काहीच फरक पडत नाही, दिनू. पण शिक्षाही मेलेल्याला होत नसते.”

मग तिने सुमेधकडे वळून पायऱ्या सांगितल्या. ठार मारण्याचाच हेतू असेल तर तो साधारणपणे खून. हेतू नाही, पण आपल्या कृत्याने माणूस मरण्याचा संभव आहे याची जाणीव होती, तर तो सदोष मनुष्यवध. त्यासाठी जुन्या दंड संहितेच्या कलम ३०४ च्या दुसऱ्या भागात दहा वर्षांपर्यंत कैद होती आणि नव्या न्याय संहितेच्या कलम १०५ मध्येही तेवढीच आहे. हेतू नाही, जाणीवही नाही, केवळ अविचार आणि हयगय आहे, तर जुने ३०४-अ, म्हणजे जास्तीत जास्त दोन वर्षे. मोटारीच्या बहुतेक खटल्यांत झगडा होतो तो या शेवटच्या दोन पायऱ्यांमध्ये.

“वांद्र्याच्या कार्टर रोडचेच घ्या,” ती म्हणाली. नोव्हेंबर २००६ मधल्या त्या पहाटे पदपथावर झोपलेले सात मजूर मोटारीखाली मेले आणि आठ जखमी झाले. सत्र न्यायालयाने ती हयगय मानली आणि सहा महिन्यांची साधी कैद व पाच लाख रुपये दंड एवढ्यावर भागवले. उच्च न्यायालयाने २००७ मध्ये तोच पुरावा वाचून जाणीव मानली आणि कलम ३०४ च्या दुसऱ्या भागाखाली तीन वर्षांची सक्तमजुरी दिली. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ती कायम केली. ही शिक्षा फारच तोकडी आहे असे नमूद करूनही ती वाढवली मात्र नाही, कारण शिक्षा वाढवून मागणारे अपील सरकारने केलेच नव्हते. आता या शेवटच्या गोष्टीचा राग दिनूला सर्वांत आधी यायला हवा होता, परंतु संताप नेमका कोणावर काढावा याचा विचार करणे त्याच्या स्वभावात नाही.

“म्हणजे भरपूर पिऊन बसावे हेच उत्तम,” तो उपरोधाने म्हणाला. “शुद्धच नाही तर जाणीव कुठली?”

“स्वतः होऊन प्यायलेल्या माणसाला शुद्धीवरच्या माणसाइतकीच जाणीव होती असे कायदा धरून चालतो,” सुलभा म्हणाली. “जुने कलम ८६, नवे २४. हेतू मात्र तसा आपोआप धरत नाही, तो परिस्थितीवरून ताडावा लागतो.” सुमेधने लगेच १९५६ चा पेप्सू, म्हणजे तेव्हाच्या पतियाळा व पूर्व पंजाब संघराज्यातला खटला काढला: लग्नाला आलेल्या लष्करातल्या एका निवृत्त जमादाराने चांगल्या जागेवरून उठत नाही म्हणून एका मुलाला गोळी घातली, तो प्यायलेला होता, तरीही इतका झिंगलेला नव्हता की हेतूच धरता येऊ नये, असे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने त्याला खुनासाठी दोषी धरणारा निकाल कायम ठेवला.

दिनूने मोर्चा बदलला. नवा कायदा १ जुलै २०२४ पासून लागू आहे, हयगयीची शिक्षाही त्यात दोनावरून पाच वर्षांवर गेली आहे, तर कार्टर रोडवाल्याला पुन्हा उभा करून ती लावावी, असा प्रस्ताव त्याने गंभीरपणे मांडला. संविधानाचा विसावा अनुच्छेद हे दोन्ही अंगांनी अडवतो, असे सुमेध चाचरत म्हणाला: कृत्याच्या वेळी जेवढी शिक्षा होती त्याहून अधिक देता येत नाही, आणि एकाच अपराधासाठी दुसऱ्यांदा खटला चालवून शिक्षाही करता येत नाही.

“सगळ्या पळवाटा!” दिनू म्हणाला.

येथे अप्पांनी प्रथमच तोंड उघडले. “२०१९ मध्ये रानडे रोडवर स्कूटर अंगावर घालून माझ्या गुडघ्याची वाटी फोडलीस, तेव्हा याच कट्ट्यावर तू काय म्हणाला होतास? ब्रेक लागत नाही हे आठ दिवसांपासून ठाऊक होते, पण मेकॅनिककडे जायला सवड झाली नाही.”

“ठाऊक होते,” सुलभा शांतपणे म्हणाली. “कबुली आरोपीची, तीही साक्षीदारांसमक्ष.”

भर चौकात नेमके काय करावे याविषयी सूचना येऊ लागल्या. दिनूचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता, आणि त्याला वाचवायला धावला तो सुमेधच. गंभीर दुखापतीला कलम ३३८ लागले असते, त्याची शिक्षा जास्तीत जास्त दोन वर्षे, आणि अशा गुन्ह्याची दखल घेण्याची मुदत तीन वर्षांची असल्यामुळे ती केव्हाच उलटून गेली आहे, असे त्याने सांगितले.

“हा मुदतीचा नियम मात्र फार विचारपूर्वक केलेला दिसतो,” दिनू म्हणाला, आणि त्यावर ज्यांना अजूनही धड मांडी घालता येत नाही ते अप्पाच सर्वांत मोठ्याने हसले.