8110 चा भाव सगळ्याच कापसाला नाही

जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "सीसीआयच्या केंद्रावर कसाही कापूस न्या, 8110 मिळणारच." (सीसीआय म्हणजे सरकारी भारतीय कापूस महामंडळ.) अर्धं खरं आहे, आणि ते जास्त महागात पडतं.

2025-26 चा 8110 रुपये क्विंटल हा हमीभाव लांब धाग्याच्या कापसाचा. मध्यम धाग्याला 7710. तोही ओल 8 टक्क्यांच्या आत असेल तर. त्यापुढे प्रत्येक टक्क्याला भावातून एक टक्का कटतो आणि 12 च्या वर गाडी परत. म्हणजे 10 टक्के ओल निघाली, तर 8110 चे साधारण 7948 होतात. पहाटे दवात वेचलेला कापूस थेट ट्रॉलीत दाबला, की ओल मोजणाऱ्या मीटरची सळई आत जाताच आकडा चढतो. दोन दिवस ओट्यावर पसरा, मग न्या. (वजनासाठी पाणी मारणाऱ्यांबद्दल काय बोलावं!)

नोंदणी 'कपास किसान' ॲपवर करावी लागते, हे मेसेजमध्ये नाहीच.

आणि गावात येऊन कापूस घेणारा, खेडा खरेदीवाला व्यापारी 8110 देत नाही म्हणून त्याच्याशी भांडू नका. हमीभाव त्याच्यावर बंधनकारक नाही.