‘नाव दिलं की झालं’? तेवढ्यानं होत नाही

कॉपीराइटबद्दलचा एक संदेश गेली काही वर्षं या गटातून त्या गटात फिरतो आहे. त्यातले दावे थोडक्यात असे: इंटरनेटवर टाकलेलं सगळ्यांचं असतं. ज्यावर वर्तुळातला ‘सी’ छापलेला नाही किंवा ज्याची नोंदणी नाही, त्यावर कुणाचा हक्क नसतो. ३० टक्के बदल केला की नवी कृती होते. ३० सेकंदांपर्यंतचं गाणं किंवा थोडासा मजकूर कुणीही वापरावा. पैसे कमवत नसाल आणि मूळ लेखकाचं नाव दिलं असेल तर काही अडचण नाही. विकत घेतलेल्या वस्तूचं काय करायचं ते आपण ठरवायचं. शेवटी एक सल्लाही आहे: चांगली कल्पना सुचली तर ती लिहून स्वतःलाच पोस्टानं पाठवा, पाकीट फोडू नका, कॉपीराइट तुमचा.

मी भाषांतरं करते. माझं एक भाषांतर मला न विचारता एके ठिकाणी छापलेलं दिसलं. विचारणा केली तर उत्तर म्हणून हाच संदेश आला. पाठवणाऱ्याच्या मनात खोट नव्हती, त्याला ते सगळं खरंच वाटत होतं. म्हणून तर त्याचं सविस्तर उत्तर द्यावंसं वाटतं.

खुणेचा आणि नोंदणीचा दावा आधी घेते, कारण तो हवेतून आलेला नाही. अमेरिकेत तो एकेकाळी खरा होता. तिथल्या जुन्या कायद्यात हक्काची ओळ न छापता कृती प्रसिद्ध झाली तर हक्कच जात असे. ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ या १९६८ च्या चित्रपटाचं असंच झालं. वितरकानं ऐन वेळी चित्रपटाचं नाव बदललं, नव्या नावाच्या पाटीवर हक्काची ओळ घालायची राहिली, आणि चित्रपट सार्वजनिक मालकीचा झाला. पण कॉपीराइटविषयीच्या १८८६ च्या आंतरराष्ट्रीय बर्न कराराला १९०८ मध्ये दुरुस्ती झाली तेव्हापासून त्यात स्पष्ट आहे की हक्क मिळायला कुठलीही औपचारिकता लागत नाही. लिहिलं, रेखाटलं, ध्वनिमुद्रित केलं की हक्क आला. अमेरिकाही १९८९ साली या करारात आली आणि आज १८० हून अधिक देश त्यात आहेत. नोंदणीचा उपयोग आहेच. वाद झाला तर ती पुरावा म्हणून कामी येते, आणि अमेरिकेत तिथल्या कृतीसाठी दावा लावण्यापूर्वी ती करावीही लागते. पण नोंदणी नाही म्हणजे हक्क नाही, हा अर्थ चुकीचा आहे.

पाकिटाचा सल्ला मला सगळ्यांत घातक वाटतो. पोस्टाच्या शिक्क्यानं फार तर तारीख कळेल, तीही पाकीट आधी रिकामं पाठवून नंतर भरलं नाही असं कुणी मानलं तर. आणि कल्पनेवर कॉपीराइट नसतोच. १८७९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे हिशेब ठेवण्याच्या एका पद्धतीचा खटला आला होता. न्यायालयानं सांगितलं की ती पद्धत समजावणाऱ्या पुस्तकातल्या मजकुरावर लेखकाचा हक्क आहे, पण त्या पद्धतीनं हिशेब ठेवायला कुणालाही मोकळीक आहे. जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदा करारातही तेच आहे: संरक्षण अभिव्यक्तीला, कल्पनेला नाही. तुमची कल्पना एखादा शोध असेल तर त्याचा रस्ता पेटंटचा. तिथे कॉपीराइटच्या अगदी उलट नियम आहे. अर्ज केल्याशिवाय काहीच मिळत नाही, मिळालं तर मुदत साधारणपणे अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं. बहुतेक देशांत अर्जाआधी शोध जाहीर झालेला चालत नाही, काही ठिकाणी थोडी सवलत असते इतकंच. म्हणजे घरातल्या पाकिटावर विसंबून जो आपला शोध चारचौघांत सांगत सुटेल, तो आपल्या हातानं आपलं पेटंट घालवेल. धंद्याचं नाव किंवा चिन्ह हा तिसराच प्रकार. तो ट्रेडमार्कचा, आणि वापर चालू ठेवून नूतनीकरण करत राहिलं तर तो कितीही काळ टिकतो. संदेश लिहिणाऱ्यानं हे सगळं एकाच गाठोड्यात बांधलं आहे.

३० टक्के बदलाचा दावा भाषांतर करणाऱ्याला तर क्षणभरही पटणार नाही. भाषांतरात मूळचा एक शब्दही उरत नाही, बदल शंभर टक्के असतो. तरीही बर्न करारानुसार भाषांतराची परवानगी देण्याचा हक्क मूळ लेखकाचाच. शब्द बदलले तरी रचना, प्रसंगांची गुंफण, मांडणी त्याचीच राहते. कायदा टक्के मोजत नाही.

तो सेकंदही मोजत नाही. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांच्या तोवर प्रसिद्ध न झालेल्या आठवणींतून एका अमेरिकी नियतकालिकानं जेमतेम ३०० शब्द उचलले होते. हस्तलिखित होतं सुमारे दोन लाख शब्दांचं. १९८५ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं हे अयोग्य ठरवलं, कारण उचललेले शब्द त्या पुस्तकाचा गाभा होते. उलट, समीक्षा करताना चार ओळींच्या कवितेच्या चारही ओळी द्याव्या लागल्या तर ते योग्य ठरू शकतं. कशासाठी घेतलं, किती गरजेचं होतं आणि त्यानं मूळ कृतीच्या विक्रीला धक्का बसतो का, हे पाहिलं जातं. पैसे न कमावणं हा त्यातला एक मुद्दा आहे, सरसकट माफी नाही.

आता नाव देण्याविषयी. नाव द्यायलाच हवं. पण नाव मिळणं हा लेखकाचा वेगळा, नैतिक हक्क आहे, १९२८ पासून बर्न करारात आलेला. तो पाळल्यानं प्रती काढण्याची परवानगी आपोआप मिळत नाही. दोन देणी आहेत, एक फेडलं म्हणून दुसरं मिटत नाही.

विकत घेतलं म्हणजे माझं, या समजुतीला फार जुनं उत्तर आहे आणि ते मला अतिशय आवडतं. १७४१ साली इंग्लंडमध्ये अलेक्झांडर पोप या कवीची पत्रं एका प्रकाशकानं परस्पर छापली. पत्र पाठवलं म्हणजे ते दिलं, असा प्रकाशकाचा बचाव होता. न्यायाधीशांनी म्हटलं की मिळालेला कागद फार तर पत्र मिळालेल्याचा, पण ते छापण्याचा अधिकार त्याला मिळत नाही. पोपनं लिहिलेल्या पत्रांच्या विक्रीला मनाई कायम राहिली. पोपला आलेल्या पत्रांबाबत मात्र नाही, कारण ते शब्द त्याचे नव्हते. वस्तू आणि हक्क यांतला फरक याहून स्वच्छ मला कुठे दिसलेला नाही. विकत घेतलेलं पुस्तक पुन्हा विकता येतं, भेट देता येतं. त्याच्या नव्या प्रती काढता येत नाहीत. चित्राचंही तसंच.

इंटरनेटवरच्या मजकुरालाही हेच लागू. तो वाचायला ठेवलेला असतो. उचलायला मोकळंही पुष्कळ आहे: मुदत संपलेल्या कृती, नुसती तथ्यं, आणि निर्मात्यानं स्वतः खुल्या परवान्याखाली दिलेलं साहित्य. त्या परवान्याला अटी असतात, त्या वाचायच्या असतात.

माझ्या त्या भाषांतराबाबत एक गोष्ट छापणाऱ्यांच्या लक्षातच आली नव्हती. मूळ लेखिकेच्या वारसांनी मला परवानगी दिली होती ती एकाच नियतकालिकापुरती. मराठी शब्दांवर हक्क माझा, पण त्याखालची कथा त्यांची. त्यामुळे मी हो म्हटलं असतं तरी ते पुरलं नसतं. मी त्यांना वारसांचा पत्ता कळवला आणि लिहिलं, तिकडून होकार आणा, माझा आहेच.