दुकानाचा बोर्ड पालिकेकडे गहाण कसा टाकावा

मंडळी, कायद्याने धंदा करायची खाज असेल तर आधी गार पाणी प्या. तरीही नाही गेली तर पुढे वाचा. आमचं पिढीजात सराफीचं दुकान, सोबत सावकारीचं लायसन, म्हणजे लोक डाग, म्हणजे दागिने, आणून ठेवतात, पैसे नेतात, पैसे आणतात, डाग नेतात. मागच्या गुरुवारी पालिकेचे अतिक्रमणवाले आले आणि आमचा बोर्ड उचलून गाडीत टाकून गेले. तेव्हापासून मला बरंच ज्ञान झालंय, ते फुकट वाटतोय.

सगळ्यात आधी लायसन काढा. काढायलाच पाहिजे. त्याशिवाय तुम्ही कुठे बसता हे ऑफिसला कळणार कसं? आमच्या मागच्या गल्लीत एक गृहस्थ डायरीवर महिना 10 टक्क्याने पैसे देतात. बोर्ड नाही, पावती नाही, कसलंच टेन्शन नाही. 2014 च्या सावकारी कायद्यात विनापरवाना धंद्याला 5 वर्षांपर्यंत कैद आहे, पण त्यासाठी माणूस सापडायला लागतो ना, आणि त्यांचं नाव कुठल्या रजिस्टरलाच नाही. मी मात्र तारणावर शेतकऱ्याकडून वर्षाला 9 टक्के, बाकीच्यांकडून 15, वर एक पैसा घेत नाही. महिन्याला नाही हो, वर्षाला. तपासणी माझ्याकडे होते. दुकान उघडं असतं, चहाही चांगला मिळतो.

कागद जमवायला लागा. दुकानात दहाच्या आत माणसं असतील तर 2017 च्या दुकानं-आस्थापना कायद्याने नोंदणीची गरजच नाही, ऑनलाइन सूचना दिली की झालं. ती पावती घेऊन ऐटीत पालिकेत जा. टेबलावरचे गुमास्ता, म्हणजे दुकानाच्या नोंदणीचं जुनं लायसन, मागतील, म्हणतील, "ही पावतीये, गुमास्ता कुठंय?" तुम्ही म्हणा कायदा बदललाय. ते म्हणतील, "आमच्या लिस्टमध्ये नाही ना बदललेला." नमस्कार करून बाहेर या.

100 चा स्टॅम्प पेपर आता विसरा, 500 चा घ्या, आणि दोन घ्या.

सोमवारी जाऊ नका. शुक्रवारीही नको.

आता बोर्ड. हे खातं सांभाळणाऱ्यांचं नाव आहे 'आकाशचिन्ह व परवाना विभाग'. नाव ऐकून वाटतं आत पंचांग घेऊन कुणी बसलं असेल. आमचा बोर्ड 8 फूट बाय 2 फूट, पत्र्याचा, 1987 सालचा, वडिलांनी पेंटरसमोर उभं राहून रंगवून घेतलेला. मराठी पाट्यांची सक्ती छोट्या दुकानांना 2022 मध्ये लागू झाली, आमच्या बोर्डावर मराठी सोडून दुसरं अक्षर कधी नव्हतंच. मग चूक काय, तर म्हणे भिंतीपासून 9 इंच बाहेर आलाय. मान्य. 9 इंच म्हणजे काय थोडे झाले? आणि त्याच भिंतीला लागून, अगदी लागून, विजेच्या खांबाला बांधलेला भाऊंच्या वाढदिवसाचा 20 फुटी फ्लेक्स, त्यावर भाऊ, भाऊंचे भाऊ, खाली पासपोर्ट साइजमधले 40 शुभेच्छुक, आणि त्यामागे सिग्नल, जो आम्ही दिवाळीपासून बघितला नाही, तो यांना दिसला नाही? क्रेनवाल्याने माझा बोर्ड काढताना त्या फ्लेक्सची दोरी हाताने हळूच बाजूला केली हो, तुटू नये म्हणून, मी डोळ्यांनी बघितलं. भिंती-खांबांच्या विद्रूपीकरणाविरुद्धचा कायदा 1995 पासून आहे, हायकोर्टाने 2017 मध्ये बेकायदा बॅनरवर निकाल दिला, त्यानंतर किती वेळा झापलं ते कोर्टालाच माहीत, आणि घाटकोपरला 13 मे 2024 ला जे होर्डिंग पडलं ते 120 बाय 120 चं होतं, मर्यादा 40 बाय 40 ची, 17 माणसं गेली, आणि मग परवानगी कुणाची यावर रेल्वे पोलीस आणि पालिका एकमेकांकडे बोट दाखवत बसले. 120 फूट कुणालाच दिसत नाही आणि माझे 9 इंच टेप लावून मोजता!

असो. आता बोर्ड सोडवायचा कसा ते सांगतो.

माझ्याकडे कुणी अर्ध्या तोळ्याची अंगठी ठेवली तरी मला वस्तूचं वर्णन, वजन, किंमत लिहून सही करून द्यावी लागते, नाही दिली तर माझं लायसन धोक्यात. यांनी माझा बोर्ड नेला तर पंचनामा नाही, चिठ्ठी नाही, काही नाही. गोडाऊनला गेलो. हातगाड्या, छत्र्या, एका म्हातारीची भाजीची टोपली, त्याखाली आमचा बोर्ड, एक कोपरा दुमडलेला. म्हटलं हा माझा. तिथला माणूस म्हणतो, "पावती दाखवा." अहो पावती तुम्ही द्यायची असते! वर दंड भरा, जागेचं भाडं रोजचं वेगळं. एवढं तर मागच्या गल्लीतले गृहस्थपण लावत नाहीत.

खरं सांगू का, मला नियमांचा राग नाहीये. सावकारीला नियम पाहिजेतच, त्याशिवाय लोकांची घरं कशी बुडाली ते मी आजोबांकडून ऐकलंय. पण तुम्ही नियम लावता कुणाला? जो स्वतःहून पत्ता लिहून देतो त्यालाच ना? ज्याच्या फ्लेक्सवर आमदाराचा फोटो आहे त्याच्या खांबाला हात लावायची हिंमत नाही, आणि टोपलीवाल्या म्हातारीवर क्रेन घेऊन जाता, लाज कशी वाटत नाही? आणि आमचे शेजारी दुकानदार, तुम्हीही काही कमी नाही. त्या दिवशी शटर अर्धं ओढून आतून बघत होता सगळे, आणि संध्याकाळी मला सल्ला देता की "कशाला भांडलास, पाचशे दिले असते तर मिटलं असतं." तुम्ही पाचशे देता म्हणून ते गुरुवारी येतात!

मी नाही देणार. उद्या अकराला बोलावलंय. साहेब साइटवर गेलेले असले तर परवा.