वेंगुर्ल्याच्या वाळूतले ‘कच्चे हिरे’? गारगोट्या आहेत त्या!

मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर कच्चे हिरे सापडतात, असा मेसेज ग्रुपाग्रुपांत फिरतोय. खुणा तीन: दगड काचेवर ओरखडा काढतो, दोन दगड अंधारात घासले की उजेड पडतो, पाण्यात आरपार दिसतो. खुणा खोट्या नाहीत, पण साध्या गारगोटीलाही त्या लागू पडतात.

काचेचं आधी. कठीणपणा मोजायच्या ‘मोह्‌स’ मापावर काच साधारण ५.५, गार (म्हणजे गारगोटीच, क्वार्ट्‌झ) ७, हिरा १०. काचेवर ओरखडा काढायला हिरा कशाला हवा? पुळणीवरची वाळू लागलेल्या फडक्याने चष्मा पुसून बघा. (नको, राहू दे.)

उजेडाची गंमत मात्र जरूर करून बघा. काळोख्या खोलीत, डोळे सरावले की, दोन दुधी गारगोट्या जोर लावून घासा. दगडाच्या आतून पिवळसर-केशरी झाक येते, जळकट वासही येतो. बादलीत पाण्याखाली घासल्या तरी उजेड दिसतो, म्हणजे ही चकमकीची ठिणगी नव्हे. घर्षणाने स्फटिक ताणला-तुटला की तो प्रकाश निघतो.

राहिलं पाणी. ओली गारगोटी खिशात टाकून घरी न्या, वाळली की निस्तेज! टॉर्च तिरपा धरलात तर तिच्यावर बारीक चंद्रकोरी दिसतील, लाटांत दगडावर दगड आपटल्याच्या. त्या खाचांत पाणी भरलं की प्रकाश कमी विखुरतो, इतकंच.

‘हिरे नदीतून येतात’ म्हणे. नदी आणते ते गार. सिंधुदुर्गात जांभ्याखाली ग्रॅनाइट, नाइस, क्वार्टझाइट असे जुने खडक आहेत, गारेच्या शिरा आहेत. कासार्ड्याला तर सिलिका वाळूच्या खाणीच आहेत. खडक कुजला की त्यातल्या फेल्डस्पार या खनिजाची चिकणमाती होते, गार तेवढी टिकते. हिरा घडतो सुमारे १५० किलोमीटर खोल आणि वर येतो तो विशिष्ट ज्वालामुखी खडकांतून. त्यासाठी मध्य प्रदेशात पन्न्याला जा.

तरी शंका असेल तर स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या. दगडाचं वजन करा. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून शून्य करा आणि दगड दोऱ्याने, तळाला न टेकवता, पूर्ण बुडवा. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा. उत्तर २.६५ च्या आसपास आलं तर गार, हिऱ्याला ३.५ यायला हवेत.